आत कोण आहे, हे बघणाऱ्या गायकवाडबाई

फेब्रुवारी १९९८, सोमवार. मी पणदरे गटाच्या तोडणी याद्यांच्या कडा फाडत बसले होते. प्रिंटरमधून सलग निघणारा कागद, दोन्ही बाजूंना भोकांच्या पट्ट्या. त्या नीट फाडल्या नाहीत तर पाचवा-सहावा कागद मधोमध फाटतो आणि पुन्हा छापावं लागतं. त्यामुळे मी मान खाली घालून काम करत होते. सकाळचे अकरा वाजून गेले होते.

"वाघमोडे आत आलेत," गायकवाडबाई म्हणाल्या.

मी मान वर केली. आमच्या सणसर गटाचे फिल्डमन वाघमोडे गुरुवारी हृदयविकाराने गेले होते. शनिवारी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले होते. त्यांच्या बायकोच्या, कमलवहिनींच्या शेजारी तासभर बसले होते.

"कोण वाघमोडे?"

"आपल्यात एकच होते," बाई म्हणाल्या. पडद्यावरून नजर न काढता त्यांनी टेलिफोन जवळ ओढला.

पुढचं सांगण्याआधी बाई कोण होत्या ते सांगायला हवं. नाहीतर त्यांनी पुढच्या चार दिवसांत जे केलं त्याचं वजन कळणार नाही.

आमच्या साखर कारखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शेतकी खात्याच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर विभाग होता आणि त्यात बाई, मी आणि एक गारगार खोली, एवढंच होतं. त्या गार खोलीत सर्व्हर. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्रत्येक गट ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि एक मॉडेम दिलेला. टेलिफोन लाईनवरून जोडायचं, आपलं नाव आणि पासवर्ड देऊन सर्व्हरच्या आत यायचं, उसाच्या नोंदीची फाईल ठेवायची आणि तोडणीची यादी घेऊन जायची. आधी हे कागद जीपने यायचे आणि दोन दिवस लागायचे. आता अर्ध्या तासात काम होई, मात्र लाईन चालू असली तर.

या सर्व्हरवर कुणाला आत घ्यायचं, आत आल्यावर त्याने काय बघायचं, काय ठेवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवायचं काम गायकवाडबाईंचं. आणि आत आलेला माणूस काय करतोय यावर लक्ष ठेवायचं कामही त्यांचंच. त्या सांगवीच्या. बारावीनंतर टायपिंग, मग पंचिंग ऑपरेटर, मग पुण्याला कंपनीचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. तिथे मिळालेलं पुस्तक इंग्रजीत होतं. बाईंनी ते शब्दकोश घेऊन सहा महिने वाचलं आणि मग बंद करून कपाटात ठेवलं. पुन्हा उघडताना मी त्यांना पाहिलं नाही.

उंचीने लहान, अंगाने बारीक, केसांना घट्ट अंबाडा. एसटीने यायच्या. आल्या आल्या डबा खिडकीत ठेवायचा, चप्पल दाराबाहेर काढायची आणि आदल्या दिवसाचा लॉग छापायला लावायचा. लॉग म्हणजे सर्व्हरने स्वतः ठेवलेली नोंद. कोण आलं, कुठल्या लाईनवरून, किती वाजता, काय ठेवलं, काय नेलं, किती वाजता गेलं. दहा-बारा पानं निघायची. बाई फूटपट्टी घेऊन एकेक ओळ वाचायच्या आणि पेन्सिलीने टिक करायच्या. मी पहिल्या आठवड्यात म्हटलं होतं, "एवढं कशाला वाचायचं? काही बिघडलं तर बघू की."

"बिघडल्यावर बघितलं तर बिघडल्यालंच दिसंल," त्या म्हणाल्या. "चांगलं कसं दिसतं ते ठावं पायजे."

आणि त्यांना ते खरोखर माहीत झालं होतं. नाव झाकून नुसत्या ओळी दाखवल्या तरी बाई माणूस सांगायच्या. इंदापूरचे फिल्डमन एक फाईल ठेवून लगेच यादी मागवून बघतात. सांगवीचे आधी यादी बघतात, मग ठेवतात. सणसरचे वाघमोडे फाईल ठेवली की दोनदा तपासतात आणि निघताना बाहेर पडायचं विसरतात. माने साहेब, म्हणजे सणसर गटाचे ओव्हरसिअर, कीबोर्डवर मोठ्या अक्षरांचं बटण चालू ठेवून टाइप करतात. सर्व्हर दोनदा नाकारतो, मग त्यांच्या ध्यानात येतं. मी या खेळात पैज लावून तीनदा हरले. नंतर लावली नाही.

नवीन माणसाचं लॉगिन त्या फोनवर कधी काढत नसत. माणसाने बारामतीला यायचं, त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचं, स्वतःच्या हाताने पासवर्ड टाइप करायचा. तेवढा वेळ बाई खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. भिंतीवर काहीच नव्हतं. एकदा एक संचालक आले. वयाने मोठे, अंगावर कडक इस्त्री, मागे दोन माणसं. म्हणाले, "बाई, आमाला सगळं दिसंल असं एक लॉगिन द्या."

"देते. काय काय बघायचंय, आबा?"

"सगळंच की."

बाईंनी काढून दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आबांनी एका बोटाने पासवर्ड घातला, याद्या उघडून बघितल्या, खूश झाले. मग म्हणाले, "ह्यात नुसतं दिसतंय. ठेवता बी यायला पायजे."

"काय ठेवायचंय?"

आबा मागच्या माणसांकडे बघू लागले. मागची माणसं जमिनीकडे.

"आज काय ठरलं नसंल तर ठरल्यावर या," बाई म्हणाल्या. "मी हितंच असते."

आबा मोठ्याने हसले आणि गेले. ठरवायला काही परत आले नाहीत. सांगवीतली एक बौद्ध घरातली बाई संचालकाला असं बोलते, यावर आठवडाभर कँटीनमध्ये चर्चा झाली. बाईंनी ती ऐकली असणार. कँटीनमध्ये त्या नेहमीच्याच टेबलावर बसून डबा खात राहिल्या.

पाच मिनिटं काही केलं नाही तर सर्व्हर माणसाला बाहेर काढेल, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. त्यावर सगळीकडून ओरड. पणदऱ्याच्या क्लार्कने त्यावर युक्ती काढली. जाताना कीबोर्डच्या बटणावर वजन ठेवायचं, म्हणजे सर्व्हरला वाटतं माणूस काम करतोय. दुसऱ्या दिवशी बाईंना लॉगमध्ये दोन पानं भरून नुसत्या रिकाम्या ओळी दिसल्या. त्यांनी फोन लावला.

"काल तीन वाजता बटनावर काय ठेवलंवतं?"

"काय न्हाय बाई, मी कामच करत हुतो."

"तुमी सुपारी खाता. अडकित्ता ठेवलावता का?"

तिकडे काहीतरी लोखंडी उचलल्याचा आवाज झाला. मग, "बाई, तुमाला दिसतं का वो हितलं?"

"अडकित्ता खिशात ठेवत जावा," एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. पणदऱ्यात पुढे वर्षभर लोक त्या कॉम्प्युटरसमोर शिस्तीत बसत, आपण दिसतो असं समजून.

पण खरी अडचण पासवर्डची होती आणि ती यंत्राची नव्हती, आपल्या रीतीची होती. आपल्याकडे मागितलेली वस्तू नाही म्हणणं म्हणजे अपमान. त्यातून मागणारा वयाने मोठा असेल तर बोलायलाच नको. एके दिवशी बाईंना वाघमोडे एकाच वेळी दोन लाईनींवरून आत आलेले दिसले. त्यांनी फोन करून विचारलं, "वाघमोडे, तुमी सणसरला बी हाय आन इंदापूरला बी हाय. एवढं मोठं कधी झालाव?"

वाघमोडे मोकळा माणूस. त्यांच्या आजोबांची मेंढरं होती, घरात कुणी कॉम्प्युटर पाहिला नव्हता, आणि स्वतःच्या नावाचा पासवर्ड आहे याचा त्यांना फार अभिमान. ते लगेच कबूल झाले. "माने साहेबांनी मागितला बाई. न्हाय कसं म्हणायचं? वडील माणूस हाय."

"जेवाय वाढा, पाणी द्या, मोटरसायकल द्या. ह्ये द्यायचं न्हाय. ह्ये दिलं की तुमी दिलं."

"म्हंजी?"

"म्हंजी त्यांनी काय बी केलं तर ते तुमी केलं."

वाघमोडे बारामतीला येऊन पासवर्ड बदलून गेले. जाताना मला म्हणाले, "बाईंनी माज्या गळ्याची आन घातली न्हाय एवढंच राहिलंय." नंतर त्यांनी तो पुन्हा मान्यांना दिला असणार.

मान्यांना वाघमोड्यांचाच का हवा, तेही सांगते. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी, त्याच्या उसाला तोड आधी, असा नियम. लागणीची तारीख वीस दिवस मागे सरकवली की ऊस वीस दिवस लवकर तुटतो. उशीर झाला तर विहिरीचं पाणी आटतं, ऊस वाळतो, वजन जातं. त्यामुळे नोंदीच्या फाईलमधली ती एक तारीख म्हणजे एका घराचं वर्ष. ती लिहिण्याचा अधिकार बाईंनी फक्त फिल्डमनला दिला होता. जो बांधावर जाऊन मोजतो, त्यानेच लिहायचं. ओव्हरसिअर असोत की त्यांच्या वरचे, सगळ्यांना नुसतं वाचायला.

आता लॉगिन बंद करण्याबद्दल. बाईंचा नियम असा की माणूस गेला त्या दिवशी लॉगिन बंद, मग तो बदलून जाओ, निवृत्त होओ की वारो. कँटीनच्या हॉलमध्ये निवृत्तीचा समारंभ चालू असायचा, गळ्यात हार पडत असायचा, आणि बाई टाळ्या वाजवून मागच्या दाराने निघून जायच्या. पाच मिनिटांत परत यायच्या. एकदा एका निवृत्त हेडक्लार्कला हे कळलं. ते चिडून म्हणाले, "पेढा तोंडात हुता माझ्या, तवर नाव पुसलं!" लोकांना ते लागलं होतं.

म्हणून गुरुवारी वाघमोड्यांची बातमी आली आणि बाई सर्व्हरकडे निघाल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. मी भावनेने नाही थांबवलं. कटकट नको म्हणून थांबवलं. म्हटलं, "बाई, तेरावं होऊ द्या. लोक म्हणतील, माणूस जळला नाही तोवर नाव काढलं."

त्या दारात उभ्या राहिल्या. "आमच्यात तेरावं न्हाय, शिंदेबाई."

"त्यांच्यात आहे."

त्यांनी जरा विचार केला. "त्यांच्यात हाय, तर ऱ्हाऊ द्या," असं म्हणून परत येऊन बसल्या. चार वर्षांत त्यांनी नियम मोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

आणि पाचव्या दिवशी वाघमोडे आत आले.

बाई घाबरल्या नाहीत. आमचे शिपाई भुजबळ दारात होते, त्यांनी मात्र दोन्ही कानांना हात लावला. बाईंनी पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं. लाईन सणसरची. नाव दोनदा मोठ्या अक्षरांत टाकून नाकारलं गेलेलं, तिसऱ्यांदा बरोबर. मग नोंदीची फाईल खाली नेलेली, आणि चार मिनिटांनी तीच फाईल परत वर आलेली.

सणसर गट ऑफिसचा फोन लागणार नव्हता, कारण एकच लाईन आणि ती मॉडेमवर. बाईंनी शेजारच्या खतांच्या दुकानाला लावला. "मी बारामतीवरनं गायकवाड. जरा आपिसात डोकावून सांगता का, कॉम्प्युटरपुढं कोण बसलंय?"

दुकानदार जाऊन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "माने साहेब हायेत. काय निरोप देऊ का?"

"निरोप न्हाय."

त्यांनी फोन ठेवला, सेशन तोडलं, वाघमोड्यांचं लॉगिन बंद केलं. मग आदल्या दिवशीच्या टेपवरची जुनी फाईल काढून दोन्ही शेजारी शेजारी छापल्या आणि फूटपट्टी घेऊन बसल्या. तीन प्लॉटच्या तारखा मागे गेल्या होत्या. त्यातला एक मान्यांच्या मेहुण्याचा. बाईंनी जुनी फाईल परत जागेवर ठेवली, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि सगळे कागद घेऊन शेतकी अधिकाऱ्यांकडे गेल्या. मला म्हणाल्या, "चला. साक्षीला कुणीतरी पायजे."

शेतकी अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याला गाळप हंगाम सुखात पार पाडायचा होता. त्याने मान्यांना बोलावून घेतलं. माने मंगळवारी आले आणि शांतपणे म्हणाले, "वाघमोडेनं मरायच्या आधीच तारखा बदलून ठेवल्या होत्या साहेब. मी नुसतं मशीन चालू केलं. काय आपोआप गेलं ते मला काय कळतंय त्यातलं?" आणि निघून गेले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, तुमचं रजिस्टर आज वर जाणार. तिथं एक नाव लागणार. मान्यांना हात लावला तर मेहुण्यापासून सगळे उठतील. वाघमोडेनं आधी केलं होतं असं लिहू. फाईल तर तुम्ही परत ठेवलीच आहे. गेलेल्या माणसाचं काय बिघडतंय?"

"कमल वाघमोडेचा अर्ज तुमच्याच टेबलावर हाय," बाई म्हणाल्या.

तो होता. पॅकिंग विभागात अनुकंपा तत्त्वावर घ्यावं, असा अर्ज. सातवी पास, पदरात दोन मुली. नवऱ्याच्या नावावर तारखांचा फेरफार लागला की तो अर्ज तिथेच संपणार होता. हे तिघांनाही माहीत होतं.

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही तारीख-वेळ दाखवलीत की वाघमोडे सुटेल, कबूल. पण मग पहिला प्रश्न काय येईल? मेलेल्या माणसाचं लॉगिन पाच दिवस चालू कसं? ते कुणाचं काम होतं?"

"माझं."

"मग? तुमची खुर्ची जाईल बाई. तुमच्यावर टपलेले कमी नाहीत."

"जाईल. कागद द्या एक."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या, टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं. बोलताना गावाकडचं बोलणाऱ्या बाई लिहिताना अगदी सरळ लिहीत. मला तो मजकूर जवळजवळ पाठ आहे. वाघमोडे यांचे निधन गुरुवारी झाले. त्यांचे लॉगिन त्याच दिवशी बंद करणे हे माझे काम होते, ते मी केले नाही. सोमवारी सकाळी त्या लॉगिनवरून सणसर कार्यालयातून तीन तारखा बदलण्यात आल्या, त्याचा लॉग सोबत जोडला आहे. मयत व्यक्तीने हे केलेले नाही. त्या वेळी खुर्चीवर कोण होते, ते शेजारच्या दुकानदारास विचारावे.

खाली सही, तारीख. तेराव्याचा उल्लेख नाही. माझं नाव नाही. मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही. ते का, याला माझ्याकडे चांगलं कारण नाही. नोकरी होती, घर होतं, आणि बाई इतक्या झटपट लिहीत होत्या की मधे बोलायला फट सापडली नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

कागद वर गेला. साहेब म्हणाले होते तसंच झालं. गुरुवारी सकाळी हुकूम आला. गायकवाडबाईंना सर्व्हरच्या कामावरून काढून रेकॉर्ड विभागात पाठवलं. मान्यांची नुसती बदली झाली, तीही त्यांच्या गावाजवळ. कमलवहिनींचा अर्ज मात्र साहेबांनी त्याच दिवशी पुढे पाठवला आणि महिन्याभरात त्या पॅकिंगला रुजू झाल्या. बाई मात्र सर्व्हरच्या त्या खुर्चीवर पुन्हा कधी बसल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत जुन्या फायलींच्या खोलीत होत्या, आणि तिथल्या फायली मागितल्या की दोन मिनिटांत मिळत, एवढं मी पुढे पाहिलं.

हुकूम आला त्या गुरुवारी त्यांनी मला काम समजावून दिलं. चार तास. कुठलं गट ऑफिस किती वाजता येतं, पावसाळ्यात कुठली लाईन तुटते, टेप कुठे आहेत. एक शब्द जास्त नाही, आवाजात काही नाही. मला ते बघवेना. शेवटी मी म्हटलं, "बाई, मी तुम्हाला थांबवलं होतं. ते तुम्ही लिहायला हवं होतं."

त्या टेपांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "तुमी सांगितलं. ऐकलं मी. बटन माज्या हाताखाली हुतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पणदऱ्याचा फोन येईल आता. उचला, न्हायतर घाबरंल तो."

साडेपाचला त्या निघाल्या. मी खिडकीतून बघत होते. कारखान्याच्या फाटकासमोर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, संध्याकाळचं ऊन सगळ्या धुळीवर आलेलं. बाई त्या रांगेच्या कडेने चालत होत्या. एका गाडीवानाने बैल मागे ओढून त्यांना वाट दिली. त्या थांबल्या, त्याला काहीतरी विचारलं. त्याने खिशातून तोडीची चिठ्ठी काढून दाखवली. बाईंनी ती दोन्ही हातांत धरून वाचली, तारखेवर बोट ठेवलं, मान हलवून परत दिली आणि एसटीच्या दिशेने गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहाच्या आधी ऑफिसात पोचले. एक कोरा कागद घेतला. वाघमोडे यांचे लॉगिन तेराव्यापर्यंत बंद करू नये असे गायकवाड यांना मी सांगितले होते, त्यांचा तसा विचार नव्हता, एवढंच लिहिलं आणि पूर्ण नावाने सही केली. खाली कार्बन घालून दुसरी प्रत काढली. आवक-जावकच्या खिडकीवर नेऊन दिली. तिथल्या माणसाने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आता काय उपयोग, मॅडम? हुकूम निघालाय की."

"शिक्का मारा," मी म्हटलं, आणि त्याने मारेपर्यंत तिथेच उभी राहिले.